भाकर, फल्ली आणि बी-३: नागपुरी ताटातलं नायसिन कसं मोजायचं, कसं वाढवायचं

मे महिन्यातली दुपार, पारा पंचेचाळीसवर. आमचे भासरे, म्हणजे दादा, जेवून उठले, हात धुतले, एक गोळी घेतली आणि वीसेक मिनिटांत त्यांचा चेहरा, कान, मान सगळं असं लाल झालं की जाऊबाईंनी थेट कांदा किसायला घेतला. नागपुरात मे महिन्यात माणूस लाल झाला की निदान एकच, ऊन लागलं! कुणी पन्हं आणलं, कुणी ओला टॉवेल मानेवर टाकला, कूलरचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं. दादा म्हणत होते, "अंगावर मुंग्या येऊन राहिल्या. कुणी मिरच्या चोळल्यावानी वाटून राहिलं." ताप नव्हता, चक्कर नव्हती. तासाभरात सगळं ओसरलं.

मग मी त्यांच्या उशाजवळची बाटली उचलून वाचली. नायसिन, ५०० मिलिग्रॅम. फिरायला जाताना भेटणाऱ्या कुणीतरी सांगितलं होतं, कोलेस्टेरॉलला चांगलं असतं म्हणून. डॉक्टरला विचारलं नव्हतं.

मी मेस चालवते. रोज चोवीस डबे जातात, त्यातले निम्मे स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी, बाकीचे नोकरीवाले आणि तीन एकटे राहणारे म्हातारे. वजनकाटा आणि हिशेबाची वही माझ्या हाताशी असतेच. त्या बाटलीनंतर वहीत नायसिनचा एक रकाना वाढला. वाचत गेले, डॉक्टरांना आणि एका आहारतज्ज्ञ बाईंना विचारत गेले, काट्यावर मोजत गेले. त्यातून कळलं ते असं: जे जीवनसत्त्व दादा बाटलीतून घेत होते, ते आपल्या ताटात डाळीच्या आणि फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, रूपानं बसलेलं असतं, आणि ज्या भाकरीवर आपला सगळा भरवसा, ती त्या बाबतीत जरा कंजूष निघते. घरी हा हिशेब कसा करायचा ते खाली पायरीपायरीनं लिहिते.

पायरी १: नाव नीट समजून घ्या

नायसिन म्हणजे जीवनसत्त्व बी-३. ते दोन रूपांत असतं, निकोटिनिक आम्ल आणि निकोटिनामाइड. अन्नातून कुठलंही आलं तरी चालतं. गोळीत मात्र या दोघांत मोठा फरक पडतो, त्याकडे शेवटी येते. शरीर त्यातून एनएडी नावाचा पदार्थ तयार करतं. इतवारीच्या ठोक बाजारात हमाल पोतं एका दुकानातून उचलतो, दुसऱ्यात टाकतो, रिकामा होऊन परत येतो. एनएडी पेशीत तेच करतं. खाल्लेल्या अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन उचलायचे, जिथं ऊर्जा तयार होते तिथं नेऊन टाकायचे, परत फिरायचं. हमाल कमी पडले तर माल कितीही असो, बाजार ठप्प. म्हणून ज्या पेशी सतत नव्या बनतात त्या आधी बोंब मारतात: कातडी, जीभ, आतडी. मेंदूलाही सतत ऊर्जा लागते, म्हणून तोही त्यांच्याच रांगेत.

निकोटिनिक हा शब्द ऐकून मेसमधल्या एका पोट्ट्यानं विचारलं, "काकू, मंग खर्ऱ्यातून मिळत असंल ना?" (खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी, चुन्याचं मिश्रण.) नाही रे बाबा. एकोणिसाव्या शतकात प्रयोगशाळेत हे आम्ल पहिल्यांदा निकोटिनपासून बनवलं, म्हणून ते नाव चिकटलं. तंबाखूत जीवनसत्त्व असतं असा गैरसमज होऊ नये म्हणूनच पुढे नायसिन हे नवं नाव काढलं. शरीराला निकोटिनचं जीवनसत्त्व करता येत नाही.

पायरी २: आपला आकडा ठरवा

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशी घ्या. बैठं काम करणाऱ्या बाईला रोज ११ मिलिग्रॅम, पुरुषाला १४. मध्यम कष्टाचं काम असेल तर १४ आणि १८. अंगमेहनतीचं, म्हणजे बांधकामावरचं किंवा ओझी उचलण्याचं काम असेल तर १८ आणि २३. गरोदर बाईला थोडं जास्त, अंगावर पाजणाऱ्या आईला आणखी जास्त.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, शरीर त्याचा मोठा साठा करत नाही. पण एका दिवसाच्या उपासानं कुणी आजारी पडत नाही. आठवड्याची सरासरी बघा.

पायरी ३: एका दिवसाचं ताट वहीत उतरवा, खोटं न लिहिता

तीन-चारशे रुपयांचा वजनकाटा असला तर उत्तम. नसला तर माझी मापं घ्या: एका मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक. माझी मूठभर सोललेली फल्ली ३० ग्रॅम. दाट वरणाच्या वाटीत कोरडी डाळ २५ ते ३०, आणि ज्याला मेसचं वरण म्हणून हसतात त्या पातळ वरणात जेमतेम १५. (माझ्याकडे २५ असते, हे इथं नोंदवून ठेवते.)

आता वहीत दोन रकाने करा. पहिल्यात पदार्थातलं तयार नायसिन. दुसऱ्यात प्रथिनं.

प्रथिनं कशाला? कारण शरीर नायसिन स्वतःही बनवतं. प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमधून १ मिलिग्रॅम नायसिन तयार होतं. आपल्या जेवणातल्या बहुतेक प्रथिनांत ट्रिप्टोफॅन शेकडा एकच्या आसपास असतं. म्हणजे ६ ग्रॅम प्रथिनं म्हणजे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन, म्हणजे १ मिलिग्रॅम नायसिन. सोपी रीत: दिवसभराच्या प्रथिनांच्या ग्रॅमला सहानं भागा. मक्याला ही रीत लागू पडत नाही, त्यात ट्रिप्टोफॅन बरंच कमी.

त्यामुळेच दूध आणि अंडं या हिशेबात फसवे दिसतात. तक्त्यात त्यांच्यापुढे नायसिन जवळजवळ शून्य. पण एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे १ मिलिग्रॅमहून थोडं जास्तच हाती लागतं.

एक अट मात्र आहे. हे रूपांतर करायला शरीराला बी-६, बी-२ आणि लोह लागतं. आणि एकूण जेवणच कमी असेल तर ट्रिप्टोफॅन आधी अंग भरून काढण्यात खर्ची पडतं, नायसिनच्या वाट्याला उरत नाही. रक्तात लोह कमी असलेल्या बाईनं या दुसऱ्या रकान्यावर फार विसंबू नये.

पायरी ४: धान्याच्या आकड्याचा तिसरा हिस्साच धरा

इथं बहुतेकांचा हिशेब चुकतो. तक्ते बघा, गव्हापुढे १०० ग्रॅमला साडेचार-पाच मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. ज्वारी-मक्यापुढेही बऱ्यापैकी आकडा असतो. वाटतं, चार पोळ्या खाल्ल्या, झालं काम. पण पिकलेल्या धान्यातलं बरंचसं नायसिन दुसऱ्या पदार्थांना घट्ट बांधलेलं असतं. आतड्याला ती गाठ सुटत नाही. जसं आलं तसं निघून जातं.

ही गाठ माणसाला फार महागात पडली आहे. मका मूळचा मेक्सिकोकडचा. तिथले लोक शतकानुशतकं मका चुन्याच्या पाण्यात किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून मग वाटतात. क्षारानं नायसिनची गाठ सुटते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुन्याची रीत तिथंच सोडली. १७३५ साली स्पेनमधल्या गास्पार कासाल या वैद्यानं गरीब शेतकऱ्यांमध्ये एक नवा रोग पाहिला: हातापायांवर, मानेभोवती हारासारखा कातडीचा लाल-काळा पट्टा. पुढे इटलीत त्याला पेलाग्रा नाव पडलं, अर्थ खरबरीत कातडी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हाच रोग हजारोंनी पसरला. मक्याचा भरडा, काकवी आणि चरबीदार डुकराचं मांस, एवढ्यावर जगणारी माणसं. बऱ्याच जणांना वाटत होतं की हा जंतूंचा संसर्ग आहे. १९१४ मध्ये सरकारनं जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला पाठवलं. त्यानं बघितलं, अनाथाश्रमातल्या मुलांना होतो, त्यांना सांभाळणाऱ्या नोकरांना होत नाही. जंतू असा नोकर-चाकर बघून येतो का? १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर अकरा कैद्यांनी, शिक्षामाफीच्या बोलीवर, मक्याचं तेच जेवण खाल्लं. सहा जणांना पेलाग्रा झाला. तरी लोक ऐकेनात, तेव्हा त्यानं आणि सहकाऱ्यांनी रोग्यांच्या खपल्या आणि विष्ठा कणकेच्या गोळ्यांत घालून गिळल्या, रक्त टोचून घेतलं. त्याची बायकोही त्यात सामील. कुणालाही काही झालं नाही. गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारला. अन्नातलं ते नेमकं काय, हे त्याला कळलंच नाही. ते १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम या अमेरिकन शास्त्रज्ञानं शोधलं, निकोटिनिक आम्ल.

ही गोष्ट मी मेसमध्ये सांगितली तेव्हा त्याच पोट्ट्यानं मान डोलावली. म्हणाला, "म्हणजे काकू, आपल्याकडे चुना खर्ऱ्यात जाते अन् मक्यात जात नाही."

आपल्याकडे ज्वारीचं काय? दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांतही पेलाग्रा दिसत असे. पोषणाचा अभ्यास करणारे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसीन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते नायसिनच्या कामात आडवं येत असावं. त्यावर पुढे बरेच वाद झाले, सगळ्यांनी ते मान्य केलेलं नाही. पण एवढं नक्की: कोरडी भाकर आणि मिरचीचा ठेचा यावर महिनोन्‌महिने काढणाऱ्याचं नायसिन कमी पडतं, आणि भाकरीबरोबर झुणका, डाळ किंवा ताक आलं की चित्र बदलतं. झुणक्यात बेसन आहे, बेसनात प्रथिनं आहेत. आपल्या आजीनं भाकरीची गाठ झुणक्याशी उगाच नाही बांधली. भाकर सोडू नका, एकटी ठेवू नका, बस.

पावसाळ्यात फुटाळा तलावावर भुट्टा खाताना यातलं काही मनात आणायची गरज नाही. भुट्टा हे जेवण नव्हे.

तांदळाबद्दल दोन ओळी. कोंड्यासकट तांदळात १०० ग्रॅमला ५ मिलिग्रॅमच्या आसपास, पॉलिश केलेल्यात दीड. उकडा तांदूळ मध्ये बसतो, कारण साळ वाफवताना जीवनसत्त्वं कोंड्यातून आत दाण्यात सरकतात आणि मग पॉलिशनं सगळी जात नाहीत. भंडारा-गोंदियाकडे हा तांदूळ होतो. माझ्या पोरांना त्याचा वास आवडत नाही, म्हणून मी खिचडीत अर्धा मिसळते. अजून कुणी ओळखलेलं नाही. रेशनवरच्या पोषणयुक्त तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेलं असतं. नायसिन त्यात आहे असं गृहीत धरू नका.

पायरी ५: बेरीज करा

माझ्याकडे डबा असलेल्या एका मुलीचा दिवस घेते. सकाळी पोहे, कोरडे ६० ग्रॅम. त्यातली फल्ली ती वेचून ताटाच्या कडेला लावते, कारण म्हणे तोंडावर फुटकुळ्या येतात. दुपारी दोन पोळ्या, आलूची भाजी, वरण चाखण्यापुरतं. संध्याकाळी चहा-टोस्ट. रात्री भात आणि पुन्हा चमचाभर वरण. डाळ दिवसभरात ३० ग्रॅम.

पहिला रकाना: डाळीतून ०.९, आलूतून दीड, चहाच्या दुधातून नावापुरतं, आणि गहू-तांदूळ-पोह्यांतून कागदावर सहा, त्याचा तिसरा हिस्सा दोन. एकूण साडेचार. दुसरा रकाना: प्रथिनं सगळी मिळून ३३ ग्रॅम, भागिले सहा, साडेपाच. बेरीज दहा. तिला हवेत अकरा.

आता ती कडेला लावलेली फल्ली परत ताटात घ्या. ३० ग्रॅमला साडेतीन मिलिग्रॅम तयार नायसिन, शिवाय साडेसात ग्रॅम प्रथिनं म्हणजे सव्वा. दहाचे पंधरा होतात. एका मुठीत.

हा हिशेब सोनाराचा नव्हे, कळमन्याच्या मंडीतला आहे. अर्धा-एक मिलिग्रॅम इकडे-तिकडे होणारच. पण कुणाचं ताट काठावर आहे आणि कुणाचं भरलेलं, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

पायरी ६: भर कुठून घालायची

फल्ली पहिल्या नंबरवर, तिच्या जवळपास रोजच्या शाकाहारात कुणी नाही: १०० ग्रॅमला सुमारे १२ मिलिग्रॅम. आणि ती बांधलेली नसते, हे महत्त्वाचं. सूर्यफुलाच्या बिया तिच्या मागे, तीळ त्याच्याही मागे. फल्लीचं तेल कितीही शुद्ध असलं तरी त्यात नायसिन नाही, ते पेंडीत राहतं. हे सांगावं लागतं, कारण आमच्याकडे लोक सांगतात, "आम्ही फल्ली तेलच खातो."

डाळी-कडधान्यांत तूर आणि मसूर चांगल्या, १०० ग्रॅमला अडीच-तीन. हरभरा, मूग थोडे खाली. पण डाळीचा खरा जोर प्रथिनांत. मटार हंगामात चांगले, बटन मशरूम त्याहून चांगली.

मांसाहारी घरांना हा प्रश्न सहसा पडतच नाही. कोंबडीच्या छातीत १०० ग्रॅमला १० मिलिग्रॅमच्या वर, मांडीत पाच-सहा, बकऱ्याच्या मटणातही बऱ्यापैकी. कलेजीत त्याहून जास्त. सावजीच्या एका ताटात दिवसाची बरीच गरज भागते. तिखटानं डोळ्यांतून पाणी येतं तो भाग वेगळा. फक्त रस्सा सोडू नका, कारण शिजताना सुटलेलं नायसिन त्या पाण्यात असतं. वर तरंगणाऱ्या तेलात काहीच नसतं, ते खुशाल बाजूला सारा.

संत्र्याबद्दल वाईट वाटेल, पण सांगते. नागपूरकर म्हणून कितीही अभिमान असला तरी संत्र्यात नायसिन १०० ग्रॅमला अर्धा मिलिग्रॅमही नाही. ते क जीवनसत्त्वासाठी खा. उलट कॉफीत थोडं असतं. दाणे भाजताना त्यातल्या एका घटकाचं नायसिन होतं, कपामागे अर्धा-एक मिलिग्रॅम. म्हणून कुणी चहा सोडायची गरज नाही.

माझा हुकमी पत्ता म्हणजे डाळभाजी. विदर्भातल्या लग्नाच्या पंगतीत जी असतेच ती. चार माणसांना १६० ग्रॅम तूरडाळ, ४० ग्रॅम हरभरा डाळ, ६० ग्रॅम फल्लीदाणे, पालकाची एक मोठी जुडी, मिळाली तर थोडी आंबट चुक्याची पानं. फल्लीदाणे आणि हरभरा डाळ दोन तास भिजवायची. कुकरमध्ये तूरडाळ, हरभरा डाळ, दाणे, चिरलेला पालक, हळद, सगळं एकत्र. पाणी तेवढंच, की नंतर ओतून द्यावं लागणार नाही. मंद आचेवर चार शिट्ट्या. झाकण उघडल्यावर तूर विरघळलेली, हरभरा डाळ अख्खी पण मऊ, आणि दाणा बोटानं दाबला तर पिठासारखा दबला पाहिजे. टणक लागला तर आणखी एक शिट्टी. रवीनं घोटू नका, पळीच्या पाठीनं दोनदा दाबा, दाणे तसेच राहू द्या. मग तेलात भरपूर ठेचलेला लसूण, लाल मिरच्या, हिंग. लसूण तांबूस झाला की फोडणी वरून ओतायची आणि लगेच झाकण. वर सांबार, म्हणजे पुण्याकडच्या भाषेत कोथिंबीर.

एका वाढणीत तयार नायसिन तीनच्या वर आणि प्रथिनांतून आणखी अडीच. साडेपाच मिलिग्रॅम एका भाजीत. फल्ली वेचणारी पोरगी यातले दाणे वेचत नाही, कारण ते मऊ होऊन डाळीत लपलेले असतात.

पायरी ७: शिजवताना पाण्यावर लक्ष ठेवा

नायसिन मोठं चिवट. उष्णतेनं, उजेडानं, हवेनं फारसं बिघडत नाही. मे महिन्यात गच्चीवर वाळत घातलेल्या मूगवड्या आणि सांडग्यांतलंही टिकतं. त्याची एकच कमजोरी, ते पाण्यात उतरतं. म्हणून भाताची पेज काढून मोरीत ओतू नका. काढलीच तर मीठ-जिरं घालून प्या किंवा कणीक त्यात मळा. तांदूळ पाच-पाच पाण्यांनी धुऊ नका, दोन पुरे. आलू सालासकट उकडा. हरभऱ्याच्या उसळीचं पाणी तर्रीत घाला. पोह्यांवर घालायची तर्री ही खरं म्हणजे या दृष्टीनं फार शहाणी रीत आहे, हरभऱ्याचं सगळं पाणी त्यात असतं.

मोड आणणं, आंबवणं यानंही थोडा फायदा होतो. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील करतो, ती वर्षातून एकदाच का करायची हे मला कळत नाही. उन्हाळ्यात दुपारी ताकातली आंबील आणि बाजूला मूठभर भाजकी फल्ली, यासारखं खाणं नाही. त्यातल्या ताकाचा उपयोग आंबण्याइतकाच मोठा, प्रथिनांमुळे.

पायरी ८: कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं

दोन वेळ डाळ-भात-पोळी-भाजी आणि दूध-दही खाणाऱ्या घरात पेलाग्रा होत नाही. तो आज दिसतो तो बहुतेक करून रोज दारू पिणाऱ्यांत, जे जेवण टाळतात आणि ज्यांचं आतडंही नीट शोषत नाही. मग आतड्याच्या जुन्या आजारात. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिड या औषधानं बी-६ कमी पडतं, त्यामुळे ट्रिप्टोफॅनचं नायसिन होणं अडतं. म्हणून डॉक्टर त्या औषधाबरोबर बी-६ ची गोळी देतात. ती छोटी गोळी फालतू समजून टाकू नका. आणि क्षयाचं औषध तर स्वतःच्या मनानं कधीच बंद करू नका.

चौथा गट मला मेसमुळे दिसला: एकटे राहणारे म्हातारे. दात नाहीत, फल्ली चावत नाही, डाळ वातूळ वाटते. मग चहात बुडवलेला टोस्ट आणि रात्री मऊ भात. त्यांच्या डब्यात मी फल्लीचा कूट घालते. वांग्याच्या भाजीत, दोडक्यात, भगरीबरोबरच्या आमटीत, सगळीकडे माणशी दोन मोठे चमचे. वर दह्याची वाटी.

लक्षणं ओळखायची तर कातडी बघा. उन्हाला लागणाऱ्या भागावर, हाताच्या पाठीवर, पायांवर, गळ्याभोवती, दोन्ही बाजूंना सारखा उठणारा लाल-काळपट पट्टा, कड स्पष्ट, जळजळ, मग सालं निघणं. नागपूरच्या उन्हात रापतं प्रत्येकजण, म्हणून फसगत होते. पण नुसत्या रापण्याबरोबर जीभ लाल होऊन सोलत नाही, जुलाब लागत नाहीत, माणूस चिडचिडा, उदास किंवा गोंधळलेला होत नाही. हे एकत्र दिसलं तर फल्लीवर भागवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. दुर्लक्ष झालं तर माणूस दगावतो, आणि वेळेवर उपचार मिळाले तर काही दिवसांतच फरक पडतो.

पायरी ९: गोळी हातात घेण्याआधी लेबल वाचा

दादांना जे झालं त्याला इंग्रजीत फ्लश म्हणतात. निकोटिनिक आम्ल ३० ते ५० मिलिग्रॅमच्या वर एकदम घेतलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, चेहरा-मान लाल होते, चटके बसतात. निकोटिनामाइडनं हे होत नाही, म्हणून साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये बहुधा तेच असतं. चेहऱ्याला लावायच्या सीरमवर जे नियासिनामाइड लिहिलेलं असतं, तेही हेच. पोरी विचारतात म्हणून सांगते: ते कातडीपुरतं, पोटाच्या हिशेबात धरू नका.

अन्नातल्या नायसिननं असं कधी होत नाही. किलोभर डाळभाजी खाल्ली तरी पोट दुखेल, चेहरा लाल होणार नाही. गोळ्या आणि वरून घातलेलं नायसिन यांची मोठ्या माणसासाठी अमेरिकेतली मर्यादा दिवसाला ३५ मिलिग्रॅम आहे. दादा घेत होते ५००.

कोलेस्टेरॉलसाठी एके काळी डॉक्टर दिवसाला एक-दोन ग्रॅमपर्यंत निकोटिनिक आम्ल देत, हे खरं आहे. पण २०११ आणि २०१४ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं की स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, घेणाऱ्या रोग्यांना ते वर दिल्यानं हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. उलट यकृताला त्रास, साखर वाढणं, युरिक आम्ल वाढून सांधे धरणं (गाउट), हे मागे लागू शकतं. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या चेहरा कमी लाल करतात, पण यकृताला त्याच जास्त जड जातात. मधुमेह, यकृताचा आजार, अल्सर किंवा गाउट असलेल्यानं तर या वाटेला जाऊच नये. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी असेल तर प्रश्न नाही, ती घ्या आणि सांगतील तेव्हा रक्त तपासा.

दादांच्या डॉक्टरांनी ती बाटली बघितली, डोक्याला हात लावला, आणि आधीपासून चालू असलेली कोलेस्टेरॉलची गोळी तेवढी ठेवली. आता ते संध्याकाळी फिरून आले की वाटीत मोजून ३० ग्रॅम भाजकी फल्ली घेऊन बसतात. मोजून, कारण वजनही वाढायला नको. बाटलीचं झाकण घट्ट बसणारं होतं. गोळ्या काढून टाकल्यावर जाऊबाईंनी ती गरम पाण्यानं धुतली आणि त्यात जवसाची चटणी भरून ठेवली.